उजव्या हातावरचं घड्याळ

चाचा दोन घड्याळं घालायचे. डाव्या मनगटावर कुवेत, उजव्या मनगटावर ब्रसेल्स. डावं जुनं, काचेला आडवा चरा गेलेलं. उजवं त्यांनी फहाहीलच्या बाजारातून मुद्दाम विकत आणलेलं, मोठ्या आकड्यांचं. कुणी विचारलं की म्हणायचे, "एक पगाराचं, एक कामाचं."

आमची संस्था मीना अब्दुल्ला बंदराच्या टोकाला, रिफायनरीच्या कुंपणापासून थोडी अलीकडे. समुद्राचं पाणी गोडं केलं की मागे जे दुप्पट खारं पाणी उरतं, त्यातून उपयोगाचे क्षार काढायचे, एवढंच तिथलं काम. मी प्रकल्प कार्यालय बघते. म्हणजे पत्रं, फॉर्म, मुदती, सह्या, शिक्के आणि सगळ्यांच्या इकाम्यांच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्यांच्या, तारखा. नाशिकहून लग्न करून इथे कुवेतमध्ये मंगफला आले त्याला बावीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस मी याद्या करण्यात घालवली आहेत आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. यादी नसती तर या कार्यालयात कुणाचाच कागद वेळेवर गेला नसता.

चाचा, म्हणजे सगळं कार्यालय त्यांना तसंच म्हणायचं, रायगडच्या किनाऱ्यावरचे. वडील मिठागरात राबलेले, आणि स्वतः चाचाही शाळेच्या सुट्टीत वाफ्यांत उतरलेले. पुढे शिकले, रसायनाचे इंजिनिअर झाले, कुवेतला आले आणि आयुष्य पुन्हा खाऱ्या पाण्यातच गेलं. संस्थेच्या मागच्या अंगणात त्यांनी उथळ टाक्यांची एक रांग बांधली होती. एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाणी सोडायचं आणि प्रत्येक टाकीत वेगळा क्षार खाली बसवायचा. कागदोपत्री त्या टाक्यांना लांबलचक इंग्रजी नाव होतं. चाचा त्यांना वाफेच म्हणायचे. त्यामुळे आम्हीही वाफेच म्हणायला लागलो. मुदीरसुद्धा, म्हणजे आमचे कुवेती संचालक, अरबी बोलता बोलता मध्येच 'वाफा' म्हणायचे.

क्षार ओळखायची चाचांची पद्धत म्हणजे जीभ. यंत्र नंतर. करंगळीच्या टोकावर कण घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे. एकदा युरोपातल्या भागीदारांशी व्हिडिओवर बैठक चालू होती. नेदरलँड्सच्या बाई, ज्या सगळ्या गटाच्या प्रमुख होत्या, त्यांनी विचारलं की चौथ्या टाकीत काय बसतं आहे. चाचांनी खिशातून पुडी काढली, कॅमेऱ्यासमोर चाटली आणि म्हणाले, "मॅग्नेशियम, मॅडम. थोडं कडू, मागून तिखट." बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं की मोजमापाचा अहवाल कधी मिळेल. आठवड्याने अहवाल आला. चाचांची जीभ बरोबर होती. मी त्यांच्या नावापुढे एक नोंद मात्र केली: बैठकीत चाटू नये.

हा गट म्हणजे युरोपातल्या सार्वजनिक संशोधन निधीसाठी अर्ज करणारी मंडळी. तिथली पद्धत अशी, की एकट्या संस्थेला फारसं कुणी विचारत नाही. चार देशांतल्या चार-सहा जणांनी हातमिळवणी करायची, शंभर पानांचा अर्ज लिहायचा आणि तो पाच अनोळखी तज्ज्ञांनी तपासायचा. बाहेरचा देशही त्यात येऊ शकतो. पण कुवेत श्रीमंत म्हणून कुवेतच्या भागीदाराला युरोप पैसे देत नाही. आपला खर्च आपण करायचा आणि तसं लेखी पत्र द्यायचं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी चाचांना म्हटलं, "मग आपल्याला मिळणार काय? नुसतं नाव?"

"चार वर्षं मिळतील ना गो बाय," चाचा म्हणाले. "चार वर्षं कुणी वाफे बुजवाया येणार नाय."

त्यांची भीती तीच होती. अंगणाच्या त्या जागेवर गोदाम बांधायचं संस्थेच्या मंडळाच्या मनात होतं. दोनदा अर्ज गेला होता, दोनदा नापास झाला होता. नापासाचं पत्र चाचांनी प्लास्टिकमध्ये बंद करून वाफ्यांजवळच्या शेडमध्ये टांगलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवायचे. "हे बघ, पंच काय म्हणतात. कल्पना उत्तम, लाभार्थी कोण ते स्पष्ट नाही." तिसऱ्या अर्जात त्यांनी लाभार्थी कोण या रकान्यात एका ओळीत लिहिलं: मासे. मी ते खोडलं. नेदरलँड्सच्या बाईंनी परत घातलं आणि खाली दोन परिच्छेद जोडले. उरलेलं खारं पाणी समुद्रात गेलं की किनाऱ्यालगतचे मासे कसे हटतात, त्याबद्दल.

मुदीरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हा तिसरा आणि शेवटचा. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, पण ती माझ्या यादीत होती. चाचांचा इकामा जुलैअखेर संपत होता. साठीच्या पुढच्यांचं नूतनीकरण करताना मंडळ आता कारण विचारायला लागलं होतं. मी ती ओळ लाल केली होती. रोज सकाळी यादी उघडली की पहिली तीच दिसायची.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. अर्जातला आपला भाग प्रत्येक भागीदाराने एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवायचा होता. शेवटच्या दिवशी बाई सगळ्यांचं एकत्र करून पाठवणार. माझं म्हणणं, पूर्ण झाल्याशिवाय कागद बाहेर जाता कामा नये. चाचा मात्र रोज संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी त्या दिवशी जेवढं झालं असेल तेवढं फोल्डरमध्ये टाकून मोकळे व्हायचे. अर्धी वाक्यं, रिकामे तक्ते, लाल खुणा, सगळ्यासकट. फाईलचं नाव 'आजपर्यंतचं'. एकदा शेवटच्या पानावर 'पापलेट, जास्त बर्फ' असं राहून गेलं होतं आणि बाईंनी विचारलं, हा शीतकरणाचा मुद्दा आहे का.

"चाचा, लाज आणता हो," मी म्हटलं.

"लाज कसली? काढून टाक पापलेट."

"पापलेटचं नाही म्हणत मी. अर्धवट कागद कशाला पाठवायचा? अजून दोन महिने आहेत."

चाचांनी खुर्ची ओढली. "माझा बाप रोज संध्याकाळी मीठ ओढायचा. फळी घेऊन, वाफ्याच्या कडेला. शेजारचा एक होता, तो म्हणायचा, अजून दोन दिवस ऱ्हाऊ दे, दाणा मोठा होईल. एका रात्री अवकाळी आला. सकाळी त्याच्या वाफ्यात निस्तं पाणी. बापाचा ढीग बांधावर, वर पेंढा घातलेला. समजलं?"

"कुवेतमध्ये अवकाळी कुठला येतोय?"

"इथं दुसऱ्या तऱ्हेचा येतो," चाचा म्हणाले आणि उठून गेले.

जानेवारीतच त्यांनी मुदीरांकडून खर्चाचं पत्रही काढून घेतलं होतं. कच्चं, पण सहीशिक्क्याचं. संस्था वाफे आणि प्रयोगशाळा चार वर्षं चालू ठेवील, एवढंच त्यात होतं. तेही फोल्डरमध्ये गेलं. मला ते पुरेसं वाटलं नाही. वाफे राहतील, पण चाचा? मी नवं पत्र लिहायला घेतलं. त्यात एक वाक्य वाढवलं, की प्रकल्पाचे प्रमुख म्हणून हेच गृहस्थ राहतील आणि तशी त्यांची नेमणूक संस्था आजपासून करत आहे. नावासकट. चाचांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नसतं. मीच मागे लागले. मुदीर म्हणायचे, "बुकरा." उद्या. फेब्रुवारी उद्यात गेला, मार्चही उद्यात गेला. मंडळाने होकार दिला तो मुदतीच्या आदल्या दिवशी. त्याच संध्याकाळी जहराला मुदीरांचे मामा वारले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या दिवशी, मुदीरांचा निरोप आला: मी जहराला आहे, कागद घेऊन या, सही करतो.

चाचा म्हणाले, "मी जातो. अजासाठी नायतरी जायालाच पाहिजे." अजा म्हणजे इथलं दुःखाला जाणं. पुरुष मंडळी दिवाणियात, म्हणजे घरच्या बैठकीच्या दालनात, बसतात, येणारा प्रत्येकाचा हात हातात घेतो, कडू कॉफी घेतो, फातिहा म्हणतो, बसतो. कपाटातला संस्थेचा गोल शिक्का मी वहीत सही घेऊन त्यांना दिला. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. शिक्क्याशिवाय सही म्हणजे इथे नुसती रेघोटी.

माझ्या यादीत त्या दिवशी बारा ओळी होत्या. सर्वांत वर, जानेवारीत लिहिलेली: ब्रसेल्स संध्याकाळी पाच, कुवेत सात.

साडेचारला मी पत्र सोडून बाकी सगळं दोनदा तपासलं. नवं पत्र येणार आहे हे मी बाईंना कळवलं नव्हतं. हातात येण्याआधी कागदाचा शब्द द्यायचा नाही, हा माझा नियम. पाचच्या सुमारास चाचांचा फोन आला. मागे माणसांचा हलका आवाज, कपांचा आवाज.

"बाय, मुदीर लोकांत बसलेत. आता कागद काढणं बरं दिसत नाय. मगरीबची नमाज झाली की बाजूला घेतो. चालंल ना?"

"सातपर्यंत वेळ आहे चाचा. चालेल."

"माझ्या उजव्या घड्याळात चार वाजलेत."

"तिकडे आत्ता तीन वाजलेत."

"चार दाखवतंय. रविवारी मीच फिरवलं होतं."

"मग चुकीचं फिरवलंत. यादीत मी सात लिहिलंय, चाचा. तीनदा तपासलंय."

फोनमध्ये कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुझ्या यादीत हाय म्हणजे बरोबरच असंल. बसतो मी."

आणि ते बसले. सव्वासहाला नमाज झाली. सहा वाजून बावीस मिनिटांनी माझ्या फोनवर पत्राचा फोटो आला, सही ठसठशीत, शिक्का जरा तिरका. मी तो साफ केला, फाईल बनवली, फोल्डर उघडलं. फोल्डर काही घेईना. पुन्हा केलं. फोल्डर बंद आहे, असं दोनदा दाखवलं. मी बाईंना फोन लावला. त्या आनंदात होत्या. म्हणाल्या, मुदतीच्या दहा मिनिटं आधीच अर्ज गेला, कुणाचंही काही अडलं नाही.

"पण अजून अर्धा तास आहे," मी म्हटलं.

"नाही, इथे साडेपाच वाजलेत. पाचला सगळं बंद झालं." मग त्यांचा आवाज बदलला. "का? तुमचं पत्र तर होतं फोल्डरमध्ये. सहीशिक्क्याचं. म्हणून मी तुम्हाला फोन केला नाही. कालच्या तारखेपर्यंतचं सगळं होतं."

मी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मार्चचा शेवटचा रविवार. दर वर्षी त्या दिवशी सकाळी चाचा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे, उजव्या घड्याळाची चावी बाहेर ओढायचे आणि जाहीर करायचे, "युरोप आज तासभर पुढं गेला, बाय. आता आपल्यात एकाच तासाचं अंतर." ऑक्टोबरात उलट. इथे कुवेतमध्ये घड्याळ कधी हलत नाही, त्यामुळे तिकडचं हललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. एकट्या चाचांच्या राहायचं. या वर्षी ते आले तेव्हा माझ्यासमोर इकाम्यांच्या फाईलींचा ढीग होता. मी मान वर न करता म्हटलं होतं, "चाचा, आत्ता नको." ते घड्याळाची चावी धरून क्षणभर थांबले होते आणि परत गेले होते.

सहाच्या जागी माझं जानेवारीतलं सातच बसून राहिलं होतं. तीनदा तपासलं म्हणजे मी माझीच ओळ तीनदा वाचली होती.

चाचा साडेसातला परतले. मी अजून टेबलापाशीच होते. त्यांनी रुमाल सोडला, शिक्का समोर ठेवला आणि माझा चेहरा बघितला.

"उजवंच बरोबर होतं?"

मी मान हलवली. "चाचा, माझी चूक आहे. तुमचं नाव गेलं नाही. जुनं पत्र गेलं."

ते खुर्चीत बसले. उजव्या घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. मी वाट बघत होते की ते ओरडतील. मला ते हवं होतं. ते म्हणाले, "माझं बाकीचं गेलं ना? काल संध्याकाळपर्यंतचं?"

"सगळं गेलं."

"तक्ते?"

"तेही."

"मासे?"

"हो चाचा, मासेही गेले."

"मग मीठ बांधावर आलं, बाय," ते म्हणाले. "घरी जा. तुझा नवरा वाट बघत असंल."

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा शुक्रवार. रविवारी मुदीरांनी विचारलं, पत्र वेळेत गेलं का. मी तोंड उघडायच्या आत चाचा बोलले, "जहराहून निघायला मलाच उशीर झाला, सर. तुमच्याकडं गर्दी होती." मुदीरांनी मान डोलावली. त्यांच्याच घरच्या दुःखात बसल्यामुळे उशीर झाला म्हटल्यावर ते बोलणार काय? आणि मीही गप्प बसले. त्या क्षणी बोलायला हवं होतं. दुपारी बोलू म्हटलं, मग उद्या म्हटलं. मुदीरांचा 'बुकरा' मला कधी चिकटला ते कळलं नाही.

नंतरचे चार महिने कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. निकालाला पाच महिने लागतातच. मी दिवसातून दोनदा मेल तपासायचे, दहादा तपासायचे. लाल ओळ रोज तशीच. झोपेत मला फोल्डर दिसायचं. चाचा मात्र वाफ्यांत वेळेवर यायचे आणि संध्याकाळी 'आजपर्यंतचं' ठेवायचे. फोल्डर बंद झालं होतं, म्हणून आता माझ्या संगणकावर. कोणत्या टाकीत किती दिवस, वारा असला तर काय करायचं, धुळीच्या वादळानंतर वरचा थर कसा काढायचा. मी म्हटलं, हे कशासाठी? म्हणाले, "तुला नाय गो. जो येईल त्याला."

जूनअखेर मी मुदीरांकडे गेले. सगळं सांगितलं. चूक माझी, उशीर चाचांचा नव्हता, नवं पत्र तुम्ही सही केलेलंच आहे, त्याच्या जोरावर नूतनीकरण करा. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांनी सही केलेलं पत्र माझ्याच हातात होतं, त्यावर संस्थेचा तो तिरका शिक्का. म्हणाले, "बहन, हे पत्र कुठे गेलंच नाही. मंडळ विचारेल, युरोपला काय लिहून दिलंय? तिथे त्यांचं नाव नाही." आणि मग, "मला आधी का नाही सांगितलंस? एप्रिलमध्ये मंडळात बोलता आलं असतं." मी पत्र घडी करून फाईलमध्ये ठेवलं. ते आजही तिथेच आहे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चाचा कायमचे गावी निघाले. निरोपाला सगळ्यांनी शेडमध्ये खजूर खाल्ले. चाचांनी नापासाचं प्लास्टिकमधलं पत्र खिळ्यावरून काढलं, घडी न करता पिशवीत ठेवलं. जाताना माझ्या टेबलापाशी आले, उजवं घड्याळ सोडलं आणि यादीच्या वहीवर ठेवलं.

"मला नको चाचा."

"माझं तिकडं काय काम? गावात कोण ब्रसेल्सला विचारतंय? तू ठेव. फक्त चावी द्यायला विसरू नको. बॅटरीचं नाय ते."

निकाल सप्टेंबरात आला. पास. पंचांनी लिहिलं होतं की लाभार्थींची मांडणी विशेष पटली. वाफे चार वर्षांसाठी राहिले, गोदाम दुसरीकडे बांधलं गेलं. नवा प्रमुख आला, कर्नाटकातला, हुशार, सरळ मुलगा. त्याने पहिल्याच आठवड्यात माझ्या संगणकावरचं 'आजपर्यंतचं' अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि विचारलं, हे लिहिणारे कुठे भेटतील? मी त्याला नंबर दिला. आता आठवड्यातून एकदा तरी वाफ्यांजवळून त्याचा आवाज ऐकू येतो, "चाचा, कडू आहे, पण मागून तिखट नाही लागत." पलीकडून चाचांनी काय सांगितलं ते मला ऐकू येत नाही, पण मग तो मुलगा पुन्हा करंगळी बुडवतो. मी त्याच्या नावापुढे अजून कोणतीही नोंद केलेली नाही.

मीही बदलले. अहवालाचे कागद आता रोज संध्याकाळी, अर्धवट असले तरी, फोल्डरमध्ये जातात. नेदरलँड्सच्या बाईंनी एकदा विचारलं, आता तुम्हीही का? मी हो म्हटलं. पापलेट अजून कधी राहून गेलेलं नाही.

उजव्या मनगटावर घड्याळ बांधायची सवय व्हायला वेळ लागला. मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी गावाहून चाचांचा आवाजी संदेश येतो. पाठीमागे कोंबड्या, कुठे तरी मोटरसायकल. "बाय, फिरवलंस?" एवढंच. मी तोपर्यंत फिरवलेलं असतं, शनिवारी झोपण्यापूर्वीच. तरी मी ते काढते, चावी ओढते, डाव्या हातावरच्या वेळेशी ताडून बघते, एकाच तासाचं अंतर आहे ना ते बघते, आणि मग उत्तर देते.

"फिरवलं, चाचा."